नागोरावमामांचं शिळं पाणी

आमच्या कळमनुरीत नळ रोज येत नाही. चार दिवसांनी येतो, कधी पाच, उन्हाळ्यात आठवडाही लागतो. आला की गल्लीत एकच धांदल उडते. शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, आणि हे सगळं नळ जायच्या आत. माझ्या घरात मात्र एक रांजण असा आहे की ताजं भरलं तरी त्यातलं पाणी मी लगेच वापरत नाही. चांगलं दोन दिवस शिळं होऊ देते आणि मग तुळशीला, जास्वंदीला घालते. सून नवी आहे, ती विचारते, आई, या रांजणाचं काय व्रत आहे का? मी म्हणते, असू दे गं. तिला काय सांगू, असं दर वेळी वाटतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नागोरावमामा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथंच ग्रंथालयात. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत. त्यांचं घर आणि माझं घर यांच्या मधोमध महादेवाचं लहानसं देऊळ. मामांचं घराणं गुरवाचं, त्यामुळे देवळाची पूजा त्यांच्याकडे. सकाळी महादेवाची पूजा करायची आणि साडेदहाला प्रयोगशाळेचं कुलूप उघडून बेडकांच्या बरण्या पुसायच्या, असं त्यांचं आयुष्य. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, सुनंदा, वसमतला दिलेली. माणूस बारका, सावळा, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोलणं कमी. आणि हात असे स्वच्छ, की आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लाजावं.

त्या हातांची एक सवय होती. मामा रोज नखं काढत. आठवड्याला नाही, रोज. अंघोळीच्या आधी ओट्यावर बसून, नखं असोत नसोत, दहाही बोटांवरून नेलकटर फिरवायचं, काढलेलं कागदात गुंडाळायचं, मग बोटं उन्हाकडे धरून पाहायची. सुरुवातीला मला ते फार चमत्कारिक वाटायचं. एकदा मी विचारलंच, की मामा, रोज रोज काय काढता, वाढायला तरी वेळ द्या की त्यांना. तर म्हणाले, "बाई, बेलाला नख लावायचं न्हाई."

रविवारी दुपारी ते देवळाच्या पायरीवर बेलाची टोपली घेऊन बसत. सोमवारचा बेल निवडायचा असे. तीन पानं अखंड हवीत, किड्यानं खाल्लेलं नको, डाग नको, आणि देठ खुडताना पानाला नख लागायला नको. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मऊ भागानं ते प्रत्येक पान उचलत, उजेडाकडे धरत, उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवत. अख्खी टोपली अशी. मी एकदा मदतीला बसले तर माझी पाच-सहा पानं त्यांनी मुकाट्यानं उचलून डावीकडे टाकली. मला राग आला. घरी निघून गेले. मला राग लवकर येतो, हे पुढं उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवते.

तर या माणसाच्या हाती एक दिवस ती जनावरं आली.

आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात संशोधन करत होती. तुटलेला पाय परत उगवणाऱ्या एका पाण्यातल्या प्राण्यावर तिचं काम. विभागाचे प्रमुख कदम सर तिच्या मागे लागले, आणि तिनं रीतसर कागद करून एक जोडी आम्हाला पाठवली. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून ती आली तेव्हा अख्खं कॉलेज बघायला लोटलं. वीतभर लांब, गुलाबीपांढरी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना झुपकेदार कल्ले, आणि चेहऱ्यावर सतत हसू. सरांनी फळ्यावर नाव लिहिलं, अ‍ॅक्सोलोटल. मामांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून "आक्कालोटन" बाहेर पडलं, पोरं हसली आणि बारसं तिथंच उरकलं. मादी आक्का, नर लोटन. सरसुद्धा पुढं तेच म्हणायला लागले.

हा प्राणी बेडकासारखा मोठा होऊन पाणी सोडत नाही, जन्मभर पिल्लाच्याच रूपात पाण्यात राहतो, असं सरांनी समजावलं तेव्हा मामा बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. नंतर मला म्हणाले की जन्मभर लेकरू राहायचं म्हणजे जन्मभर कोणीतरी सांभाळायला पाहिजे. आणि त्या दिवसापासून त्यांनीच सांभाळलं.

सांभाळणं म्हणजे आमच्याकडे खायचं काम नव्हतं. त्यांना गार पाणी लागतं, आणि इथं मार्चपासूनच भिंती तापतात. सरांनी पाणी गार ठेवायचं यंत्र मागवलं, ते विजेवर, आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. मामांनी टाकीभोवती पोती गुंडाळून ती ओली ठेवायला सुरुवात केली. पाणी बदलायला ते नळाचं ताजं पाणी कधीच घेत नसत. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते या जनावरांना चालत नाही, असं पुण्याच्या मुलीनं फोनवर सांगितलेलं. दोन दिवस पाणी उघडं ठेवलं की औषध उडून जातं. मामांनी त्याचं नाव ठेवलं शिळं पाणी. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दोन रांजण आणले, आणि त्यांच्या वर भिंतीवर खडूनं वार लिहायचे, कोणतं पाणी कधीचं ते कळावं म्हणून. पोरं चेष्टा करायची, मामा, आम्हाला ताजं अन् आक्काला शिळं? मामा म्हणायचे, व्हय, तिला बराबर कळतंय काय चांगलं ते.

मीही त्या चेष्टेत हसले आहे. म्हणजे शिळ्या पाण्याचं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पहिल्यांदा अंडी घातली त्याची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. सोमवार होता. मामांचा उपास, बऱ्याच पोरांचाही. सकाळी कुलूप उघडून मामा आत गेले तर टाकीतल्या पाणवनस्पतींवर, काचेवर, दगडावर सगळीकडे भिजवलेला साबुदाणा चिकटलेला. मामांचा पारा चढला. कोणत्या तरी पोरानं डबा खाताना टाकीत साबुदाणा सांडला, असं त्यांनी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला. ग्रंथालयातून मी उठून गेले. पोरं रांगेत उभी आणि मामा विचारताहेत, खरं सांगा, कोणी सांडला? तेवढ्यात कदम सर आले, काचेला डोळे लावले, आणि म्हणाले, मामा, ही अंडी आहेत. प्रत्येक दाण्यात मोहरीएवढा काळा ठिपका होता. तो रागाच्या भरात मामांनी पाहिलाच नव्हता.

या भांडणात अर्धा तास गेला आणि तेवढ्या वेळात आक्का आणि लोटन दोघांनी मिळून निम्मी अंडी खाऊन टाकली. त्यांची ती रीतच आहे, घातली की खातात, म्हणून लगेच वेगळी करावी लागतात. उरलेली काढायला सरांनी चिमटा घेतला, त्यात बरीच फुटली, आणि बाकीची बुरशी धरून गेली. एकही जगलं नाही. मामांनी पोरांची माफी मागितली. एकेकाला गाठून. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ग्रंथालयात येऊन विचारलं, की बाई, जुनी प्लास्टिकची कार्डं हायेत का, फेकायची असतील तर?

त्या कार्डांच्या कडा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या. पुढच्या वर्षी आक्कानं पुन्हा घातली तेव्हा मामा तयार होते. लोटनला आणि आक्काला आधी दुसऱ्या टाकीत हलवलं. मग वनस्पतीच्या ज्या देठाला अंडी होती तो देठच अंड्यांसकट कात्रीनं कापून पाण्यातल्या पाण्यात बशीत उतरवला. काचेवरची अंडी कार्डाच्या कडेनं हळूच सोडवली, खाली तळहात धरून, पाण्याबाहेर न काढता. जी चिकटून बसली ती अंगठ्याच्या मऊ भागानं. ज्या पाण्यात अंडी तेवढ्याच गारव्याचं पाणी बशीत, एका बशीत गर्दी करायची नाही, जे पांढरं पडेल ते रुंद तोंडाच्या ड्रॉपरनं लगेच उचलायचं, नाहीतर शेजारच्यालाही बुरशी लागते. हे सगळं पुण्याच्या मुलीनं सांगितलेलं होतं, पण सरांच्या हातून झालं नाही आणि मामांच्या हातून झालं. मी समोर उभी राहून पाहिलं आहे. बेल निवडताना त्यांचा चेहरा होतो तसाच तेव्हा झाला होता.

काळ्या ठिपक्याचा हळूहळू वाल झाला, मग मुगाला मोड यावा तसा तो लांबला, मग एक दिवस आतल्या आत हलला. मामा मला बोलवायला ग्रंथालयात आले, दारात उभे राहिले आणि काही न बोलता नुसतं बोट हलवून दाखवलं. मी वाचक सोडून धावले. ती सगळी पिल्लं वाढली आणि पुण्याला गेली. तिथल्या कामाला हवी होती. मामांनी डबे भरून दिले आणि दोन दिवस रजा घेतली.

त्या वर्षी अंडी बशीत असतानाच परीक्षा घ्यायला एक परीक्षक आले होते. करंगळीचं नख हे एवढं वाढवलेलं, बोटात दोन अंगठ्या. बशी पाहून त्यांनी सहज हात पाण्याकडे नेला आणि मामांनी त्यांचं मनगट धरलं. परिचरानं परीक्षकाचं मनगट धरलं, म्हणजे काय झालं असेल विचार करा. कदम सरांना घाम फुटला. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, तकलीफ माफ करा. नख लागलं तर लेकरू मरतंय." साहेबांनी हात मागे घेतला, आणि गंमत म्हणजे जाताना मामांनाच विचारून गेले की हे किती दिवसांनी बाहेर येतात.

मग ती साथ आली आणि तिनं मामांचं वास येणंच नेलं. बाकी सगळं ठीक झालं, वास काही परत आला नाही. दूध करपून जायचं, मामांना पत्ता नसायचा. मी देवळापलीकडून ओरडायची. ते म्हणायचे, उदबत्ती देवासाठी लावायची, मला आली काय न् न्हाई आली काय. आम्ही दोघं हसायचो. नंतर मूत्रपिंडाचं निघालं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, नांदेडला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. डाव्या हाताला सुयांसाठी केलेली शीर दोरखंडासारखी फुगली होती. उजवा हात चांगला होता, पण नांदेडहून आल्यावर तोही थरथरायचा. मामा तो खिशात घालून ठेवायचे.

शेवटचं वर्ष. मार्चअखेर मामा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळणार नव्हता. कदम सरांनी ठरवलं की टाकी बंद करायची, जोडी पुण्याला परत पाठवायची. चुकीचं काही नव्हतं त्यात, करणार कोण? मामा ऐकून घेऊन टाकीवरचं पोतं भिजवायला गेले. आणि महाशिवरात्र होऊन आठ दिवस झाले असतील, आक्कानं अंडी घातली. त्याच्या चौथ्या दिवशी लोटन मेला. सकाळी तळाशी आडवा दिसला. वय झालं असेल, उष्मा लागला असेल, कळलं नाही. मामांनी त्याला देवळामागच्या बेलाच्या बुंध्याशी पुरलं.

त्यानंतर ते सरांकडे गेले. मी तिथंच होते, वह्यांवर सह्या घेत. मामा म्हणाले, "सर, आता पुन्हा अंडी व्हनार न्हाईत. ही जगली तर त्यातली दोन विभागात ठेवा. मी घरून येऊन करीन सगळं, पगार नको." आठ वर्षं केलेल्या कामातलं काहीतरी मागे राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. सरांचे डोळे भरून आले. म्हणाले, जगली तर नक्की ठेवू.

प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षा चालू, पोरांची गर्दी, म्हणून मामांनी बशा घरी आणल्या. मागच्या खोलीच्या भिंती मातीच्या, जाड, ती खोली भर दुपारीही गार. घमेल्यात ओली वाळू, वाळूवर बशा, वरून ओलं पोतं. कोपऱ्यात शिळ्या पाण्याचा रांजण, आणि त्याच्यावर भिंतीवर खडूनं लिहिलेलं, 'सोमवार'. दोन आठवडे होत आले होते. आतला जीव हलायला लागला होता. आता चार-पाच दिवसांचा प्रश्न.

गुरुवारी मामा नांदेडला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि एकच काम सांगितलं, दुपारी पोत्यावर पाणी शिंपडा. माझी रजा होती. दुपारी मी गेले, पोतं ओलं केलं, बशांमध्ये डोकावले, सगळे ठिपके वळवळत होते. आणि बाहेर गल्लीत कोणीतरी हाक दिली, नळ आला.

सोमवारनंतर चौथ्या दिवशी आला होता. मी माझं घर भरलं. मग वाटलं, बिचारे मामा, आजारी माणूस, नांदेडहून थकून येतील, घरात प्यायला ताजं पाणी तरी असावं. माझं माहेर कुरुंद्याचं, आई अशी कडक की शिळ्या पाण्याचा थेंब राहिला तर पोरीला जेवण नाही. नळ आला की माझं डोकं बंद पडतं आणि हात चालायला लागतात. मी मामांचे हंडे भरले, माठ भरला आणि मागच्या खोलीतला रांजणही बाहेर ओढला, पाणी मोरीत ओतलं, नारळाच्या काथ्यानं आतून बाहेरून खसखसून घासला आणि काठोकाठ ताजं भरून जागेवर ठेवला. वर फडकं बांधलं. त्या दिवशी पाण्याला औषधाचा वास येत होता, चांगला उग्र. मी स्वतःशी म्हटलंही, आज औषध जास्त पडलंय, बरं आहे, पाणी स्वच्छ.

असं मी म्हटलं. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मला आठवतं.

मामा पाचला आले. चहासुद्धा न घेता बशांचं पाणी बदलायला बसले. भिंतीवर सोमवार लिहिलेलं होतं. वास त्यांना येत नव्हता. सगळ्या बशांत त्यांनी त्या रांजणातलं पाणी स्वतःच्या हातानं, अगदी हळू, कडेकडेनं ओतलं. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मनात स्वतःवर खूश होते की यांचं सगळं घर भरून ठेवलं. पाणी भरल्याचं सांगितलं, तर म्हणाले, फार केलं बाई. त्यांना वाटलं हंडे आणि माठ.

शुक्रवारी वळवळ थांबली. शनिवारी ठिपके मळकट झाले. रविवारी सगळ्या बशा पांढऱ्या, आणि कापसासारखी बुरशी. मामा ड्रॉपर घेऊन एकेक उचलत होते, आणि उचलून झालं तरी पुन्हा पाहत होते. एकही राहिलं नाही. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"हात बिघडला बाई," म्हणाले. "पानी घालताना कुठंतरी दाबलं असंल. नख लागलं असंल."

मला तेव्हाही कळलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. सोमवारी त्यांची नांदेडची पाळी म्हणून सर मंगळवारी घरी आले, त्यांनी विचारलं, मामा, पाणी कोणतं होतं? मामा म्हणाले, पानी बराबर व्हतं सर, सोमवारचं. आणि भिंतीकडे बोट केलं. त्या बोटाबरोबर मी भिंतीकडे पाहिलं, मग रांजणाकडे, आणि मला मोरीत ओतलेलं पाणी आठवलं.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम. पण सर समोर होते, मी एवढी शिकलेली बाई, वर्षानुवर्षं त्याच शिळ्या पाण्यावर हसलेली, आणि मला राग येतो तशी लाजही फार लवकर येते. म्हटलं, उद्या सांगू, एकटे असताना. उद्या ते कॉलेजात गेले. परवा नांदेडला. आपल्याकडे गळ्याला नख लावणं म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. मी ते केलं होतं, रांजण घासून. पण त्यापेक्षा वाईट मी नंतर केलं, गप्प राहून.

कारण मामांनी हात आवरते घेतले. पुढच्या रविवारी बेलाची टोपली माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाले, आता तुमी निवडत जा, तुमचा हात चांगला हाय. मी टोपली घेतली. काय करणार होते? पायरीवर बसून पानं निवडली, ते बाजूला बसून राहिले, एकदाही पानाला हात लावला नाही, एकही पान डावीकडे टाकलं नाही. मी कशीही निवडली तरी मान हलवायचे. ते टाकायचे तेव्हा मला राग यायचा, आता ते टाकत नव्हते आणि मला रडू यायचं.

मार्चअखेर निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. मामांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले आणि म्हणाले, हात चालला तवर केलं, आता चालत न्हाई, काही चुकलं असंल तर माफ करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसून साडीचा पदर पिळत होते. आक्का त्याच आठवड्यात पुण्याला गेली. प्रयोगशाळेतली टाकी कोरडी करून पालथी घातली, अजून तशीच आहे.

एप्रिलच्या मध्याला मामांनी नांदेडला जायचं सोडलं. सुनंदा वसमतहून आली, रडली, भांडली, पण ते ऐकेनात. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली होती. रविवारी दुपारी मी निवडलेला बेल घेऊन देवळात निघाले होते, ती टोपली घेऊनच आत गेले. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मामा जागे होते. त्यांचा हात चादरीवर होता आणि माझं लक्ष बोटांकडे गेलं. नखं वाढली होती. चांगली वाढली होती, कडेला मळ. ओळख झाल्यापासून मी असं कधी पाहिलं नव्हतं.

मी खाली बसले आणि सांगून टाकलं. नळ आला होता, रांजण मी ओतला, घासला, ताजं भरलं, भिंतीवरचं सोमवार तसंच राहिलं. सगळं एका दमात. सबबी सांगितल्या नाहीत. त्या सांगायला माझ्याकडे महिनाभर होता आणि त्यातली एकही धड नव्हती.

मामांनी मान माझ्याकडे वळवली. मग हळू विचारलं, "पान्याला वास येत व्हता?"

"येत होता मामा. खूप येत होता."

"मला येत न्हाई ना." त्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. "म्हंजे हात न्हवता."

"नव्हता मामा. हात तुमचा नव्हताच."

त्यांनी डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे गेलं, ते पुसलं नाही. छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की सुनंदा दारात येऊन पाहून गेली. मला वाटलं आता बोलतील, बोलावंच त्यांनी, मी त्यासाठीच बसले होते. पण ते एवढंच म्हणाले, "लई दिवस लावले, बाई."

मला त्यांनी जे बोलायला हवं होतं ते याच्यात सगळं आलं.

मग त्यांनी हात माझ्या पुढ्यात सरकवला आणि फळीवरच्या नेलकटरकडे डोळ्यांनी दाखवलं. मी त्यांची नखं काढली. एकेक बोट धरून, दहाही. त्या बोटांचा पुढचा भाग लहान मुलाच्या गालासारखा मऊ होता. कागदात बांधा, सांडू नका, असं ते मध्येच म्हणाले. मी कागदात बांधली.

"टोपली इकडं द्या," म्हणाले.

उशीला टेकवून बसवलं, टोपली मांडीवर दिली. त्यांनी एक पान उचललं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि डावीकडे टाकलं. दुसरं धरलं, तेही डावीकडे. तिसरं उजवीकडे ठेवलं. हात थरथरत होता पण पानाला नख लागत नव्हतं. चौथं डावीकडे टाकताना माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि म्हणाले, "महिनाभर देवाला असलाच बेल वाह्यला का?"

मी म्हटलं, तुम्ही बाजूला बसून मान हलवत होता की. ते हसले. मी पण हसले आणि तिथंच तोंडाला पदर लावून रडले. ते निवडत राहिले.

बुधवारी सकाळी मामा गेले. मधल्या दोन दिवसांत ते बहुतेक झोपेतच होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते त्या रविवारचे. मी निघाले तेव्हा दारातून वळून पाहिलं. ते पानं निवडण्यात इतके गुंतले होते की मी गेल्याचं त्यांना कळलं नाही. त्यांच्या डाव्या बाजूला मी निवडलेल्या पानांचा ढीग पडला होता, उजवीकडे थोडीच होती, आणि ते एक पान उजेडाकडे धरून बघत होते, ठेवायचं की टाकायचं.